रिकामे मजले, न मिळणारी जागा

मुंबईच्या उपनगरांत कार्यालयासाठी जागा शोधणाऱ्याला एकाच ब्रोकरकडून दोन उलट गोष्टी ऐकायला मिळतात. गोरेगावात किंवा ऐरोलीत एका छताखाली लाखभर चौरस फूट मागा, तो म्हणेल, आत्ता हातात काही नाही, पुढच्या टॉवरची ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) येईपर्यंत थांबा. त्यालाच अंधेरी-कुर्ला रोडवर आठशे फूट मागा, तो संध्याकाळपर्यंत चार-पाच जागा दाखवेल. सगळ्या रिकाम्या, आणि मालक भाडं उतरवायला तयार. बाजार तेजीत की मंदीत, हा प्रश्न इथे विचारण्यात अर्थ नाही. दोन बाजार आहेत, एकमेकांपासून रिक्षाच्या अंतरावर, आणि एकातला भाडेकरू दुसऱ्यात सहसा पाऊल टाकत नाही.

मालमत्ता सल्लागार कंपन्या दर तिमाहीला अहवाल काढतात. त्यांत अंधेरी, गोरेगाव-मालाड, पवई, ठाणे-बेलापूर रोड असे तुकडे पाडून प्रत्येकापुढे रिकाम्या जागेची टक्केवारी दिलेली असते. आकडा खोटा नसतो. पण त्यात काठोकाठ भरलेला आयटी पार्क आणि त्याच्या शेजारची अर्धी ओस इमारत एकत्र मोजलेली असते, त्यामुळे तो दोन्हींपैकी एकीबद्दलही काही सांगत नाही. मजला रिकामा का राहिला याचं कारण बहुतेक वेळा कागदावर सापडतं. जमीन कशासाठी दिली होती, इमारतीचे मालक किती, करार कोणत्या कायद्याखाली झाला. आणि कागदाबाहेरचं एकच कारण तेवढंच वजनदार, स्टेशन किती लांब.

मुळात कार्यालयं उपनगरांत आली कशी, हे पाहायला दक्षिणेकडे जावं लागतं. बॅकबेच्या भरावावर साठच्या दशकाच्या अखेरीपासून नरिमन पॉइंट हे कार्यालयांचं केंद्र उभं राहिलं. ज्या खुर्शेद नरिमन यांनी विसाच्या दशकात याच बॅकबे भरावातला सरकारी गैरकारभार चव्हाट्यावर आणला, त्यांचंच नाव पुढे त्या भरावाला मिळालं, ही मुंबईची खास गंमत. १९६४-६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी वेगळी वाट सुचवली होती. बेटाच्या दक्षिण टोकाला आणखी गर्दी कोंबण्याऐवजी खाडीपलीकडे नवं शहर वसवा. नवी मुंबई उभारणारी सिडको १९७० मध्ये स्थापन झाली ती यातूनच. या कल्पनेचा कणा असा होता की राज्य सरकारने आपली कार्यालयं पलीकडे न्यावीत, म्हणजे कंपन्याही मागोमाग जातील. पुढे कांदा-बटाटा बाजार वाशीला गेला, मंत्रालय गेलं नाही. उलट १९८१ मध्ये नवं विधान भवन उभं राहिलं ते नरिमन पॉइंटलाच. बेलापूरला कोकण भवन मिळालं आणि नावात 'सीबीडी', म्हणजे मध्यवर्ती व्यापारी केंद्र. माझ्या मते नवी मुंबईच्या कार्यालयीन बाजाराची पहिली वीस-पंचवीस वर्षं याच एका निर्णयाने खाल्ली. सरकार स्वतः हललं नाही, तर बँक का हलेल?

पुढे कंपन्या हलल्या त्या नियोजनापेक्षा भाड्याच्या कायद्यामुळे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याखाली फोर्ट भागातल्या कितीतरी कंपन्या जुन्या, गोठलेल्या भाड्यात बसल्या होत्या. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि त्याने बँका, सार्वजनिक उपक्रम, बहुराष्ट्रीय कंपन्या आणि एक कोटी रुपये किंवा त्याहून अधिक भरणा झालेलं भागभांडवल असलेल्या कंपन्या यांचं हे संरक्षण काढून घेतलं. स्वस्त जागा गेली की माणूस बाजारभाव विचारू लागतो, आणि बाजारभाव विचारला की अंधेरी दिसते. दुसरीकडे याच तरतुदीमुळे मालकही निर्धास्त झाले. मोठ्या कंपनीला जागा दिली तर ती मुदत संपल्यावर परत मिळेल, ही खात्री आल्यावरच भाड्यासाठी म्हणून मोठ्या इमारती बांधणं परवडू लागलं. उपनगरातल्या काचेच्या इमारतींचं श्रेय आपण आयटीला देतो, त्यातला एक वाटा या रुक्ष कायद्याला द्यायला हवा.

नरिमन पॉइंटचं पुढे काय झालं, ते एअर इंडियाच्या इमारतीवरून कळतं. कंपनीने आपलं मुख्यालय २०१३ मध्ये दिल्लीला नेलं. अखेर ती इमारत १,६०१ कोटी रुपयांना राज्य सरकारनेच घ्यायची ठरली, मंत्रालयाच्या विखुरलेल्या कचेऱ्यांसाठी. पन्नास वर्षांपूर्वी जे सरकार खाडीपलीकडे जाणार होतं, ते आता समुद्राच्या आणखी जवळ सरकलं.

उपनगरात इमारती उठल्या त्या मोकळ्या रानावर नव्हे. खाली आधी कारखाने होते. गोरेगावला पश्चिम द्रुतगती महामार्गालगत निर्लॉनची नायलॉन धाग्याची गिरणी होती. निर्लॉन म्हटलं की ज्यांना नायलॉनच्या साड्या आठवतात त्या पिढीला सांगावं लागतं की आज तिथे निर्लॉन नॉलेज पार्क आहे आणि आत परदेशी बँकांचं हिशेब-तपासणीचं काम चालतं. २०१५ मध्ये या कंपनीची बहुसंख्य मालकी सिंगापूर सरकारच्या जीआयसी या गुंतवणूक संस्थेकडे गेली. जवळच नेस्को आहे. मूळची न्यू स्टँडर्ड इंजिनिअरिंग कंपनी, नंतर प्रदर्शनाचे हॉल, मग आयटी पार्क. २०२० मध्ये त्याच हॉलमध्ये करोनाच्या रुग्णांसाठी खाटा लागल्या होत्या. ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये आणि ठाणे-बेलापूर रोडवरच्या एमआयडीसीच्या औद्योगिक वसाहतीत हेच घडलं. रसायनांचे, औषधांचे, यंत्रांच्या सुट्या भागांचे कारखाने बंद पडत किंवा दूर जात राहिले आणि त्यांच्या भूखंडांवर पार्किंगचे मजले असलेल्या इमारती आल्या.

या बदलाला इंधन मिळालं चटईक्षेत्राचं. १९९१ च्या नियमावलीत उपनगरांचा मूळ एफएसआय होता १, म्हणजे भूखंडाइतकंच बांधकाम. राज्याच्या आयटी धोरणाने आयटी इमारतींना यावर शंभर टक्के वाढीव एफएसआय देऊ केला. बिल्डरला त्याच जमिनीवर दुप्पट इमारत मिळाली. अट अशी की त्यातला ठरावीक मोठा हिस्सा आयटी किंवा आयटीशी संबंधित सेवांसाठीच वापरायचा. बांधताना ही अट कोणाला बोचली नाही. पुढे आयटी कंपनी निघून गेली आणि त्या मजल्यावर एखादी वकिलांची फर्म किंवा जाहिरात कंपनी यायला तयार झाली, तेव्हा अट आडवी आली. मजला रिकामा, भाडेकरू दारात, पण कागद परवानगी देत नाही.

कधी कधी जमिनीचा पूर्वेतिहास आणखी खोल जातो. मालाडला लिंक रोडपलीकडे चिंचोलीची कचराभूमी होती. तिच्या परिसरात आयटी इमारती उठल्या, कॉल सेंटरांची रात्रपाळी सुरू झाली, आणि मग संगणक बिघडू लागल्याच्या, तांब्याचे भाग काळे पडून गंजत असल्याच्या तक्रारी आल्या. कुजत्या कचऱ्यातून हायड्रोजन सल्फाइडसारखे वायू निघतात आणि ते तांबं, चांदी खातात. माणसांच्या डोकेदुखीच्या तक्रारींपेक्षा सर्व्हरच्या तक्रारीकडे आधी लक्ष गेलं असावं असा माझा संशय आहे, कारण सर्व्हरच्या बिघाडाची किंमत लगेच मोजता येते.

आता मूळ कोड्याकडे. लाख फूट मिळत नाही आणि आठशे फुटांना गिऱ्हाईक नाही, याचं सगळ्यात मोठं कारण मालकी आहे. २००० नंतरच्या तेजीत अंधेरी, साकीनाका, चांदिवली, वाशी, सानपाडा या भागांत बिल्डरांनी इमारती बांधताबांधताच मजले, अर्धे मजले, गाळे सुटे विकले. त्याने बिल्डरचे पैसे लवकर मोकळे झाले. घेणाऱ्यांत लहान व्यावसायिक होते, तसे निव्वळ गुंतवणूकदारही. घरभाड्यातून वर्षाला किमतीच्या दोन-तीन टक्के सुटतात, ऑफिसमधून त्याहून बरेच जास्त, हे गणित प्रत्येक ब्रोकर कागदाच्या चिटोऱ्यावर मांडून देत असे. पण एका इमारतीला चाळीस मालक झाले की ती सातबाऱ्यावर सगळ्या चुलत-मावस भावंडांची नावं चढलेल्या जमिनीसारखी होते. प्रत्येकाचा हिस्सा खरा, सगळ्यांची मिळून सही मात्र होत नाही. बँकेला सलग तीन मजले हवे असतात, एकच करार, एकच मालक, लिफ्ट आणि जनरेटरची एकाची जबाबदारी, अग्निशमनाची प्रमाणपत्रं वेळेवर. चाळीस मालकांच्या सोसायटीत एसी प्लांट बदलायचा ठराव दोन सर्वसाधारण सभा खातो. मोठा भाडेकरू ती इमारत आतून पाहायलाही येत नाही.

एकाच मालकाच्या इमारतीचं उलट होतं. पवईत हिरानंदानीच्या कार्यालयीन आणि दुकानांच्या इमारती २०१६ मध्ये कॅनडाच्या ब्रुकफिल्डने सुमारे ६,७०० कोटी रुपयांना एकगठ्ठा घेतल्या. सेबीने २०१४ मध्ये रीटचे नियम केले, पहिला रीट एप्रिल २०१९ मध्ये शेअर बाजारात नोंदला गेला, आणि ऐरोली व मालाडच्या इमारती पोटात असलेला माइंडस्पेस रीट आला ऑगस्ट २०२० मध्ये, म्हणजे ऑफिसं कुलपात असताना. रीटची रचना सोपी आहे. भाडं देणाऱ्या तयार इमारती एका ट्रस्टमध्ये टाकायच्या, ट्रस्टची युनिटं विकायची आणि वाटण्याजोग्या रोख उत्पन्नातले किमान नव्वद टक्के युनिटधारकांना द्यायचे. सुरुवातीला किमान दोन लाख रुपये गुंतवावे लागत. ती मर्यादा नंतर दहा-पंधरा हजारांवर आणली गेली. पूर्वी ज्या पगारदाराने साकीनाक्याला चारशे फुटांचा गाळा घेतला असता, तो आता ऐरोलीच्या टॉवरचा सूक्ष्म हिस्सा घेऊ शकतो. भाडेकरू शोधायची, पाणी गळतंय म्हणून भांडायची कटकट दुसरा सांभाळतो. नरिमन पॉइंटचं एक्स्प्रेस टॉवर्स आणि विक्रोळीचं २४७ पार्क आज एकाच रीटच्या मालकीचे आहेत. जुनं केंद्र आणि उपनगर यांच्यातला मानापमान युनिटधारकाच्या खात्यात तरी मिटला.

भाड्याचे आकडे वाचताना नवख्याची हमखास फसगत होते, म्हणून इथे थोडं थांबू. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या (बीकेसी) चांगल्या इमारतीचं भाडं चौरस फुटाला महिना तीनशे रुपयांच्या आसपास किंवा वर, आणि ऐरोलीचं साठ-सत्तर, असं सांगितलं जातं. हा दर असतो 'चार्जेबल' क्षेत्रावर. त्यात लॉबी, लिफ्ट, जिने, प्लांट रूम यांचा वाटा धरलेला असतो. प्रत्यक्ष टेबल-खुर्च्या मांडता येईल असं कार्पेट क्षेत्र त्याच्या साठ टक्के असेल, तर सत्तर रुपयांचा दर कार्पेटवर ११७ रुपये पडतो. त्यावर सामाईक देखभालीचा आकार, अठरा टक्के जीएसटी, पार्किंगचे वेगळे पैसे. रेरा आल्यापासून विकताना कार्पेट क्षेत्रच सांगावं लागतं, भाड्याच्या व्यवहाराला ती शिस्त लागू नाही. त्यामुळे दोन इमारतींचे दर सारखे असूनही एकीत शंभर माणसं बसतात आणि दुसरीत ऐंशी. अनुभवी प्रशासन-व्यवस्थापक दर विचारतच नाही, तो विचारतो 'एका सीटला किती'.

करारातही बाजाराची नाडी सापडते. पाच किंवा नऊ वर्षांची मुदत, दर तीन वर्षांनी साधारण पंधरा टक्के वाढ, पहिली काही वर्षं भाडेकरूला सोडता येणार नाही असा लॉक-इन, आणि काही महिन्यांच्या भाड्याएवढी अनामत, हा सर्वसाधारण सांगाडा. बाजार मंद असला तरी मोठ्या इमारतीचा मालक जाहीर दर सहसा उतरवत नाही. दर उतरला की इमारतीची किंमत उतरते, बँकेचं कर्ज त्या किमतीवर असतं, आणि शेजारच्या मजल्यावरचा भाडेकरूही कमी मागू लागतो. म्हणून तो सूट वेगळ्या वाटेने देतो. फर्निचर करायला चार महिने भाडं माफ, पार्किंग फुकट, अंतर्गत सजावटीचा खर्च मालकाचा. अहवालात भाडं स्थिर दिसतं, प्रत्यक्षात ते उतरलेलं असतं.

राहिला प्रवास. उपनगरातलं कार्यालय स्वस्त म्हणून चालतं हे अर्धंच खरं. ते कर्मचाऱ्यांच्या घरांजवळ सरकलं म्हणून चालतं. डोंबिवली, कल्याण, बदलापूर, कळवा इथली लाखो माणसं चर्चगेट-सीएसएमटीला जायची. ठाणे-वाशी ट्रान्स हार्बर मार्गावर २००४ मध्ये लोकल सुरू झाली आणि ठाण्याला गाडी बदलून काही मिनिटांत ऐरोलीला उतरता येऊ लागलं. ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे ही एका रांगेतली स्टेशनं आणि त्यांच्यालगत एमआयडीसीचे भूखंड, हा योग जुळला नसता तर त्या काचेच्या इमारती आजही ब्रोशरमध्येच असत्या. नोकरी देणारी कंपनी जागा ठरवण्याआधी कर्मचाऱ्यांचे पिनकोड नकाशावर टाकून पाहते. विशेषतः रात्री उशिरापर्यंत काम असलेल्या मुली-बायका नोकरी सोडतील की टिकतील, हे शेवटच्या दोन किलोमीटरवर ठरतं.

बीकेसी याला अपवाद वाटतं, पण तो अपवाद महागात पडलेला आहे. महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे (एमएमआरडीए) हे क्षेत्र १९७७ पासून आहे. जमीन सरकारी, मालकी स्वच्छ, विमानतळ जवळ, आणि म्हणून राष्ट्रीय शेअर बाजारापासून हिरे बाजारापर्यंत सगळे तिथे गेले. फक्त वांद्रे आणि कुर्ला या दोन स्टेशनांच्या बरोबर मध्ये असल्यामुळे ते दोन्हींपासून लांब पडलं. सकाळी नऊ वाजता कुर्ला पश्चिमेला शेअर रिक्षाची रांग ज्याने पाहिली आहे त्याला देशातल्या सर्वांत महागांपैकी एक असलेलं कार्यालयीन भाडं आणि दाराशी पोहोचण्याची सोय यांतलं नातं किती सैल असतं ते समजतं. भुयारी मेट्रो आरेहून बीकेसीपर्यंत ऑक्टोबर २०२४ मध्ये आली आणि वर्षभराने कफ परेडपर्यंत पोहोचली. अंधेरीच्या सीप्झ-एमआयडीसी भागाला त्याचा थेट फायदा आहे. मध्य रेल्वेने येणाऱ्या डोंबिवलीकराला मात्र अजून कुर्ल्याला उतरून तीच रांग.

ऐरोलीसारखी भरलेली ठिकाणंसुद्धा मधल्या काळात एका वेगळ्याच कारणाने ओस पडली. २००५ च्या कायद्याने विशेष आर्थिक क्षेत्रं (एसईझेड) आली. त्यातल्या निर्यातदार युनिटला पहिली पाच वर्षं निर्यातीच्या नफ्यावर आयकर पूर्ण माफ, पुढची पाच वर्षं अर्धा. आयटी कंपन्यांसाठी हे इतकं मोठं होतं की ऐरोली, पवईत इमारतींच्या इमारती एसईझेड म्हणून जाहीर करून घेतल्या गेल्या. नव्या युनिटांसाठी या सवलतीची मुदत ३१ मार्च २०२० ला संपायची होती. करोनामुळे ती काही महिने लांबली, पण त्याच महिन्यांत घरून काम सुरू झालं. सवलत नाही, कर्मचारी नाहीत, आणि इमारत मात्र सीमाशुल्काच्या कुंपणात. देशांतर्गत काम करणारी बँक किंवा विमा कंपनी त्या मजल्यावर सहजी येऊ शकत नव्हती, कारण तो कागदोपत्री जवळजवळ परदेशच. म्हणजे बाहेर भाडेकरू जागा शोधत आणि कुंपणाच्या आत चांगले मजले धूळ खात. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने नियम बदलून आयटी एसईझेडमधला एकेक मजला बाहेर काढायची मुभा दिली. त्या मजल्यावर घेतलेल्या करसवलती परत भरायच्या, मग तो कोणालाही भाड्याने द्यायचा. त्यानंतर असे मजले एकापाठोपाठ खुले होऊ लागले. इमारतीची एक वीटही हलली नाही.

सुट्या मालकीच्या जुन्या इमारतींसाठी अशी अधिसूचना निघणं कठीण. २०१८ मध्ये मंजूर झालेल्या विकास नियमावलीने रुंद रस्त्यांवरच्या व्यापारी इमारतींना अधिमूल्य भरून ५ पर्यंत एफएसआयची दारं उघडली. म्हणजे अंधेरीच्या वीस-पंचवीस वर्षं जुन्या इमारतीखालची जमीन इमारतीपेक्षा जास्त मोलाची झाली. पण पुनर्विकासाला चाळीस मालकांची संमती जुळवणं हे घराच्या सोसायटीपेक्षाही अवघड. इथे कोणी राहत नसतो, निम्मे मालक एकमेकांना ओळखत नाहीत, आणि एखादा गाळा बँकेच्या जप्तीत अडकलेला असतो.

मला या इमारतींबद्दल ब्रोकर मंडळींएवढी निराशा वाटत नाही. लाख फूट मागणारा भाडेकरू तिथे येत नाही, पण सीए, वास्तुविशारद, क्लिअरिंग एजंट, दाताचा दवाखाना, स्पर्धा परीक्षेचा क्लास, सात माणसांची सॉफ्टवेअर कंपनी, हे सगळे येतात. त्यांना आयटी पार्कचा सुरक्षारक्षक आत सोडायलाही तयार नसतो. मालकाने फुटाला ऐंशी रुपयांचा हट्ट सोडून पंचावन्न मान्य केले की गाळा दोन आठवड्यांत जातो, करार तीन किंवा पाच वर्षांचा, लिव्ह अँड लायसन्सवर मुद्रांक शुल्क पाव टक्का. फर्निचर जुन्या भाडेकरूचंच असतं, नवा फक्त पाटी बदलतो. तिमाही अहवालांत या व्यवहारांची बहुधा नोंदही होत नाही, कारण सल्लागार कंपन्यांचं लक्ष मोठ्या क्षेत्राच्या करारांवर असतं.